व्हॉल्व्हच्या रेडिओचा घरगुती इतिहास

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत जुन्या वस्तू जपण्याची एक ठरलेली श्रेणी असते. सनदा आणि मोडी कागद पेटीत जातात, टाक आणि मूर्ती देवघरात राहतात, पूर्वजांच्या तसबिरी दिवाणखान्यात लागतात. माळ्यावर पडलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओला या श्रेणीत कोठेच स्थान नाही. इतिहास म्हणावा इतका तो जुना वाटत नाही आणि वापरावा तर तो चालत नाही. बडोद्यातील आमच्या परिचयाच्या घरांतून असे कितीतरी संच गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भंगारात गेले. अलीकडे शोभेची वस्तू म्हणून त्यांना गिऱ्हाईक मिळू लागले आहे. परंतु तेथेही मोल असते ते लाकडी पेटीचे. आतील यंत्र काढून टाकायचे आणि रिकाम्या पेटीत नवा ध्वनिवर्धक बसवायचा, अशी पद्धत पडली आहे. पत्र फेकून देऊन पाकीट जपावे, तसा हा प्रकार आहे.

पत्राची उपमा मी विचारपूर्वक देत आहे. माझा नोकरीचा काळ राज्य सरकारच्या महसूल खात्यात, दफ्तरांच्या सहवासात गेला. निवृत्तीनंतर जुने रेडिओ उघडून ते पुन्हा बोलते करण्याचा छंद जडला. या दोन कामांत वरवर पाहता काही संबंध नाही. तरी जुन्या प्रकरणातील शेरे, शिक्के आणि खाडाखोड यांवरून जसा त्या प्रकरणाचा प्रवास उलगडतो, तसा चासीखालचे डाख, बदललेले कंडेन्सर आणि झाकणावरच्या पेन्सिलीच्या नोंदी यांवरून एका कुटुंबाच्या श्रवणाचा प्रवास उलगडतो. आकाशवाणी केंद्रांचा इतिहास पुस्तकांतून उपलब्ध आहे. तोच इतिहास घरात बसून संच बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांच्या बाजूने कसा दिसतो, हे येथे मांडावयाचे आहे.

स्फटिकापासून आरंभ

आपल्या देशात ध्वनिक्षेपणाची सुरुवातच मुळी हौशी मंडळींनी केली. १९२३-२४ च्या सुमारास कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे रेडिओ क्लब निघाले आणि लहानशा प्रक्षेपकांवरून त्यांनी कार्यक्रम ऐकवण्यास प्रारंभ केला. त्यानंतर २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र आणि त्याच वर्षी २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झाले. दोन्ही प्रक्षेपकांची शक्ती प्रत्येकी दीड किलोवॉट होती आणि त्यांची खात्रीची कक्षा सुमारे ४८ किलोमीटर. म्हणजे मुंबईचा आवाज बिनचूक ऐकायचा तर कल्याणच्या फारसे पलीकडे राहून चालत नसे. बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील श्रोत्यांचा विचार त्या योजनेत नव्हता.

केंद्राजवळ राहणाऱ्याला मात्र अगदी थोड्या खर्चात घरी रेडिओ बांधता येई. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक कंडेन्सर, कानाला लावायचे श्रवणयंत्र आणि गॅलीना नावाच्या शिशाच्या खनिजाचा एक खडा, एवढे साहित्य पुरे. खड्यावर बारीक तारेचे टोक हळूहळू फिरवीत राहायचे. योग्य जागा सापडली की आवाज उमटे. या संचाला वीज लागत नसे, बॅटरी लागत नसे. हवेतून येणाऱ्या लहरीतच जी अल्पशी ऊर्जा असते, तिच्यावरच ते श्रवणयंत्र चाले. गॅलीनाचा हा गुण ओळखून त्यावर हक्क नोंदवणारे संशोधक आपलेच होते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली अशा ग्राहकासाठी अमेरिकेत अर्ज केला आणि १९०४ साली त्यांना पेटंट मिळाले. पुढे जगभर शाळकरी मुलांनी जे स्फटिक-संच बांधले, त्यांच्या मुळाशी हे संशोधन आहे.

दूरचे केंद्र ऐकायचे तर क्षीण लहर वाढवावी लागते, आणि ते काम व्हॉल्व्हचे. काचेच्या निर्वात नळीत तापलेल्या तंतूपासून विद्युत्कण निघतात. मधल्या जाळीवर सूक्ष्म वीजदाब देऊन त्यांचा मोठा प्रवाह कमी-अधिक करता येतो. फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन ध्रुवांचा व्हॉल्व्ह केला, ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या सुमारास त्यात तिसरा ध्रुव म्हणजे ही जाळी घातली, आणि १९१८ साली आर्मस्ट्राँग यांनी ‘सुपरहेट’ पद्धतीची मांडणी शोधली. आपल्या घरांतील बहुतेक सर्व संच याच मांडणीचे आहेत.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी फार काळ तग धरू शकली नाही. परवान्यांची संख्या काही हजारांच्या पुढे गेली नाही आणि १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळ्यात निघाली. १ एप्रिलपासून सरकारने केंद्रे आपल्याकडे घेतली आणि ८ जून १९३६ रोजी त्या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले.

परवान्याचे पुस्तक

आजच्या तरुण वाचकांना कदाचित खरे वाटणार नाही, परंतु रेडिओ घरी ठेवण्यासाठी सरकारी परवाना लागत असे. १८८५ च्या तार अधिनियमाने बिनतारी यंत्र वापरण्यावर नियंत्रण होतेच. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने त्यापुढे जाऊन ते नुसते जवळ बाळगणेही परवान्याच्या कक्षेत आणले. घरी स्वहस्ते बांधलेला संचही यातून सुटत नव्हता. वर्षाची फी आरंभी दहा रुपये होती. टपाल कचेरीत जाऊन दर वर्षी परवान्याचे नूतनीकरण करणे हे घरातील कर्त्या पुरुषाचे, पुष्कळदा कॉलेजात जाणाऱ्या थोरल्या मुलाचे काम असे. १९८० च्या दशकात ही पद्धत बंद झाली आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने ते दोन्ही जुने कायदेही निरसित करण्याची तरतूद केली.

शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाला या परवान्याच्या पुस्तिकेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. तिच्यात परवानाधारकाचे नाव, पत्ता आणि वर्षानुवर्षांचे शिक्के असतात. घरी रेडिओ केव्हा आला, कोणाच्या नावावर आला, कुटुंबाने बिऱ्हाड कधी बदलले, फी भरणे कोणत्या वर्षी थांबले, हे सारे त्या शिक्क्यांवरून कळते. आपल्या घराण्यांच्या इतिहासात १७५० सालचा कागद सापडतो आणि १९५० सालचा सापडत नाही, अशी विचित्र स्थिती पुष्कळदा आढळते. ही पुस्तिका त्या पोकळीतला कागद आहे.

युद्ध, संस्थाने आणि गुप्त केंद्रे

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशी बिनतारी प्रक्षेपकांचे परवाने रद्द झाले. तरीही यंत्राची विद्या ज्यांच्या हातात होती, त्यांच्या हातून ती काढून घेणे सरकारला शक्य नव्हते. २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ४२.३४ मीटरवर काँग्रेसचे गुप्त केंद्र बोलू लागले. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी एका जागेतून दुसऱ्या जागेत प्रक्षेपक हलवीत राहिले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी धाड घातली, तोवर हे केंद्र चालले. त्याला यंत्रसामग्रीचे साहाय्य करणारे नानक मोटवाने हे ‘शिकागो रेडिओ’ या ध्वनिवर्धक व्यवसायातले होते. सभेत ध्वनिवर्धक लावणारा आणि घरी रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर हाही स्वातंत्र्यलढ्याचा एक घटक होता, याचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो.

१९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. याखेरीज संस्थानांची स्वतःची पाच केंद्रे होती: बडोदे, हैदराबाद, औरंगाबाद, म्हैसूर आणि त्रिवेंद्रम. या पाचांपैकी तीन ठिकाणी मराठी कुटुंबांची जुनी वस्ती होती, हे आपल्या दृष्टीने लक्षणीय आहे. साऱ्या देशात त्या वेळी सुमारे पावणेतीन लाख रेडिओ संच होते. रेडिओ असणे ही त्या काळी प्रतिष्ठेची गोष्ट होती ती यामुळेच.

युद्ध संपल्यावर लष्कराचे निरुपयोगी ठरलेले बिनतारी साहित्य बाजारात आले. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचा बसला. मुंबईच्या चोरबाजारात आणि लॅमिंग्टन रोडवर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर मिळत. तेथून ते बडोदे-इंदूरपर्यंत पोहोचत. कारखान्याचा संच परवडत नसलेल्या अनेकांनी अशा मालातून स्वतःचा रेडिओ उभा केला.

युद्धसामग्रीला दुसरा जन्म देण्याच्या या कलेचे सर्वांत मोठे उदाहरण गोव्याच्या सरहद्दीवर घडले. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांपासून मुक्त झाली. त्या लढ्यात हाती आलेल्या बिनतारी संचांतून प्रक्षेपक तयार करण्यात आला आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज’ पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून उमटू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या रानातून आणि पुढे कॅसलरॉकच्या परिसरातून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत हे केंद्र चालवले. जंगलातील दमट हवा, साप-विंचू आणि पोर्तुगीजांची पाळत यांच्यात व्हॉल्व्हचे यंत्र सहा वर्षे चालू ठेवणे म्हणजे काय, हे ज्याने एका पावसाळ्यात घरच्या रेडिओचे कंडेन्सर बिघडलेले पाहिले आहेत त्याला चांगले समजेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर या दोघांनी विमानातून ध्वनिवर्धकावर ती वार्ता गोमंतकीयांना सांगितली. २०२५ साली लिबिया लोबो सरदेसाई यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती.

दुरून येणारी मराठी

दादरा-नगर हवेलीच्या त्याच लढ्यात संगीतकार सुधीर फडके यांनीही भाग घेतला होता. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची योजना, ग. दि. माडगूळकरांची रचना आणि फडक्यांचे संगीत. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली. पुणे केंद्र त्या वेळी जेमतेम दीड वर्षाचे होते. ते २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले होते.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना गीतरामायण सहज मिळाले. बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील मराठी माणसाला मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांचा आवाज मिळवावा लागे. याचे कारण निसर्गात आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि अंतराबरोबर क्षीण होतात. वातावरणाच्या वरच्या थरांत आकाशाकडे गेलेल्या लहरी शोषल्या जातात. सूर्य मावळल्यावर हा शोषून घेणारा थर विरतो आणि त्याहून उंचीवरच्या थरावरून लहरी परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून दूरच्या गावी मराठी रात्री ऐकू येई. तीही अखंड नाही. आवाज मोठा होई, मावळे, दुसरे एखादे केंद्र मध्येच डोकावे. मुंबईला १९३८ पासून लघुलहरींचा प्रक्षेपक होता, त्याचा दूरच्या श्रोत्यांना मोठा आधार होता.

अशा स्थितीत एरियलला महत्त्व आले. घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी अनेकांना आठवत असेल. ज्यांना त्याने भागत नसे ते गच्चीवर दोन बांबू रोवून तार बांधत आणि दुसरी तार नळाच्या पाइपाला किंवा जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडत. तारेची लांबी, दिशा आणि उंची यांवर घरोघर प्रयोग चालत. एखाद्या घरी मुंबई स्वच्छ लागते असे कळले की शेजारचे लोक ते पाहायला जात. मातृभाषा ऐकण्यासाठी माणसे गच्चीवर चढत होती, ही गोष्ट आपल्या स्थलांतराच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

याच काळात आपल्याच एका पुणेकर मंत्र्याच्या धोरणामुळे रेडिओचा काटा दुसरीकडेही वळला. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मोठे स्थान दिले आणि चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला सिलोनचा शक्तिमान लघुलहरी प्रक्षेपक साऱ्या हिंदुस्थानात ऐकू येई, आणि १९५२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाला’ने अमीन सायानी यांचा आवाज घरोघर नेला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती याच्या उत्तरादाखल. एका घरात वडील रात्री मुंबईचे गायन लावीत आणि मुले बुधवारी सिलोन लावीत. काटा एकच असल्यामुळे तंटे होत. लघुलहरींचा पट्टा चांगला लागावा म्हणून बँडस्विच साफ करण्याची विद्या पुष्कळ मुलांनी या निमित्ताने शिकून घेतली असावी.

पाठीमागचे झाकण उघडल्यावर

आता प्रत्यक्ष संचाकडे वळू. फिलिप्स, मर्फी, बुश, जी.ई.सी., एच.एम.व्ही., नॅशनल एको ही नावे वाचकांच्या ओळखीची आहेत. यांपैकी कोणताही संच मागून उघडला की पाच-सहा व्हॉल्व्ह ओळीने दिसतात. प्रत्येकाचे काम ठरलेले आहे. पहिला व्हॉल्व्ह हवेतून आलेल्या लहरीत संचातच निर्माण केलेली दुसरी लहर मिसळतो. समजा, आपण १००० किलोहर्ट्झचे केंद्र लावले, तर संचातील लहर १४५५ ची असते आणि दोहोंतील फरक ४५५ येतो. काटा फिरवला की दोन्ही आकडे बदलतात, फरक मात्र तोच राहतो. पुढचे व्हॉल्व्ह या एकाच फरकाची काळजी घेण्यासाठी बांधलेले असतात. म्हणून आवाज स्वच्छ येतो. शेवटचा व्हॉल्व्ह ध्वनिवर्धकाला जोर देतो आणि आणखी एक वीजपुरवठ्याचे काम पाहतो.

या संचांचे वैशिष्ट्य असे की ते उघडण्यासाठीच बांधलेले होते. व्हॉल्व्ह हाताने काढता-घालता येतो. प्रत्येक सुटा भाग डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो. पुष्कळ संचांत आतील बाजूस व्हॉल्व्हचा आराखडा चिकटवलेला असतो. करणाऱ्याने घेणाऱ्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवला होता, असे त्याकडे पाहून वाटते.

माळ्यावरून काढलेला संच उत्सुकतेपोटी लगेच विजेला जोडणे हे त्याचे आयुष्य संपवण्याचे खात्रीचे साधन आहे. वीजपुरवठ्यातील मोठ्या कंडेन्सरमधला पातळ रासायनिक थर दीर्घकाळ वापराविना राहिल्याने निकामी होतो. त्यातून विजेचा लोट गेला की पुरवठ्याचा व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर जळतात, आणि तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळणे दुर्घट आहे. म्हणून आधी पाहावे, मग टिपावे आणि शेवटी हात लावावा. मी प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतो आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या जागी आहे ते लिहून काढतो. धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढावी. व्हॉल्व्हच्या काचेवरील क्रमांक ओल्या फडक्याने सहज पुसला जातो, आणि एकदा तो गेला की ओळख पटवणे कठीण होते.

त्यानंतर मेणकागदाच्या कंडेन्सरांची पाळी. आपल्या दमट हवेत पन्नास-साठ वर्षांनी यांतील जवळजवळ सगळे गळके झालेले असतात. त्यांतील एक विशेष घातक: शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीकडे आवाज नेणारा. तो गळला तर जाळीवर नको तो वीजदाब येतो, व्हॉल्व्हमधून बेसुमार प्रवाह वाहतो आणि व्हॉल्व्हबरोबर ध्वनिवर्धकाचा ट्रान्सफॉर्मरही जातो. काही रुपयांचा हा भाग सर्वांआधी बदलावा. मग संचाशी एकसरीत साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा दिवा जोडून वीज द्यावी. दिवा प्रखर पेटून तसाच राहिला तर आत दोष आहे, ताबडतोब बंद करावे. प्रथम उजळून मग मंद झाला तर पुढे जाण्यास हरकत नाही.

येथे एक इशारा देणे कर्तव्य आहे. काही शहरांच्या भागांत पूर्वी डी.सी. वीज होती, म्हणून ए.सी. आणि डी.सी. या दोन्हींवर चालणारे संच निघाले. त्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चासीच विजेच्या एका तारेला जोडलेली असते. अशा संचाचे झाकण किंवा नॉब काढून हात घालणे प्राणावर बेतू शकते. बाकीच्या संचांतही दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये काही काळ राहतो. ज्याला हे शास्त्र अवगत नाही त्याने संच केवळ कोरडा आणि स्वच्छ ठेवावा. तेवढ्यानेही तो वाचतो.

दोन वर्षांपूर्वी बडोद्यातील एका मराठी कुटुंबाने आपला संच माझ्याकडे दिला. घरातील मंडळींची इच्छा तो पॉलिश करून बैठकीत ठेवावा एवढीच होती. पाठीमागच्या पुठ्ठ्यावर आतील बाजूस पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी निघाल्या. अक्षर मोडीचे वळण असलेले. १९५६ पासून १९७१ पर्यंत कोणता व्हॉल्व्ह कोणत्या तारखेला बदलला आणि त्याला किती पैसे पडले, याचा तो हिशेब होता. संचात दोन मूळचे परदेशी व्हॉल्व्ह टिकून होते. बाकीच्या जागी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह आले होते. देशात या वस्तू तयार होऊ लागल्याचा पुरावा असा त्या पेटीतच होता. काट्याच्या काचेवर कागदाची एक अरुंद पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर शाईच्या तीन खुणा होत्या. घरातील वृद्ध बाईंना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, ‘‘ही मुंबईची, ही सिलोनची. तिसरी मामंजींनी केलेली, पुण्याची. ती लागायची कमी, पण खूण मात्र पुसू द्यायचे नाहीत.’’ तो पुठ्ठा आणि ती पट्टी बदलून नवी लावावी असे आधी ठरले होते. आता दोन्ही जशीच्या तशी आहेत.

मुंबईच्या खुणेवर आज काटा नेला तर तेथे मुंबई लागत नाही, याचाही खुलासा केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय करारानुसार २३ नोव्हेंबर १९७८ पासून मध्यम लहरींवरील केंद्रांची मांडणी नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने नव्याने झाली आणि बहुतेक केंद्रे आपल्या जुन्या जागेवरून थोडी सरकली. खूण चुकलेली नाही, केंद्र हलले आहे. आतील स्क्रू पिळून संचाला नव्या जागी ‘बरोबर’ करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

काय जपावे

दुरुस्ती करताना जुने किती ठेवावे आणि नवे किती घालावे, हा प्रश्न हस्तलिखितांच्या संपादकासारखाच आहे. गळका कंडेन्सर जुना म्हणून ठेवून संच जाळणे शहाणपणाचे नाही. आणि सगळे नवे घालून वर जुनी पेटी ठेवणे ही तर लबाडी झाली. माझा रिवाज असा आहे की जो भाग काढला तो कागदी पाकिटात घालून पेटीच्या तळाशी ठेवावा, आणि काय बदलले, कोणत्या तारखेला बदलले याची चिठ्ठी त्यासोबत ठेवावी. पूर्वीच्या दुरुस्त्या कितीही ओबडधोबड असल्या तरी, त्या धोकादायक नसतील तर तशाच राहू द्याव्या. त्याही इतिहासाचा भाग आहेत.

दुरुस्त झालेल्या संचावर ऐकायचे काय, हा प्रश्न मात्र दिवसेंदिवस अवघड होत आहे. या संचांत एफ.एम.चा पट्टा नसतो. मध्यम लहरी आणि लघुलहरी यांवरील अनेक प्रक्षेपक गेल्या काही वर्षांत बंद झाले आहेत. तरीही एक मार्ग आहे. बहुतेक संचांच्या मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन छिद्रे असतात. ज्या संचात ट्रान्सफॉर्मर आहे त्याला तेथून आजचे कोणतेही ध्वनियंत्र जोडता येते, आणि आतील एकही तार न तोडता गीतरामायणाचे ध्वनिमुद्रण त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच ध्वनिवर्धकातून ऐकता येते. वर सांगितलेल्या ए.सी.-डी.सी. संचाला मात्र असे काही थेट जोडू नये. पेटी रिकामी करून नवे यंत्र बसवण्याची गरज यामुळे उरत नाही, हे शोभेसाठी रेडिओ घेणाऱ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते.

संचापेक्षाही लवकर नाहीशी होणारी गोष्ट म्हणजे त्याची माहिती. व्हॉल्व्हचे काम जाणणारे कारागीर आज बहुधा सत्तरीच्या पलीकडे आहेत. कोणत्या खुणेवर कोणते केंद्र लागत असे, एरियल कोणत्या गच्चीवर होती, परवाना कोणाच्या नावे होता, हे सांगणाऱ्या आपल्या घरच्या वडीलधाऱ्या स्त्री-पुरुषांचीही तीच अवस्था आहे. प्रत्येक गावच्या मराठी मंडळाने एक नोंदवही घालावी, एवढीच माझी सूचना आहे. कोणाच्या घरी कोणता संच आहे, तो कोणत्या साली आला, परवान्याची पुस्तिका आहे की नाही, मागच्या झाकणावर काही लिहिलेले आहे का, आणि तो ऐकलेल्या माणसाला काय आठवते, असे पाच रकाने पुरेत. खर्च एका वहीचा आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळा उपसला जातो आणि भंगारवाला दाराशी उभा असतो. त्याच्या आत हे काम झाले पाहिजे.